विश्रामचं लॉगिन

"विश्रामचं लॉगिन आजच काढून टाका," कर्णिकसाहेब म्हणाले. "गेलेल्या माणसाचं नाव यादीत ठेवून काय करायचंय?"

सरोजनं मान डोलावली. डोंबिवलीच्या या रंगांच्या कारखान्यातून ठाण्याच्या हेड ऑफिसच्या सर्व्हरला कुणी जोडायचं, ते तीच सांभाळायची. सगळ्यांचे पासवर्ड तिच्या वहीत होते. कुणी रजेवर गेला तर काम अडायला नको, म्हणून जो मागेल त्याच्या हातात ती वही द्यायची. सहा वर्षांत कुणाचं काही अडलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला त्याचा अभिमानच होता.

मोडेम किरकिरून गप्प झाला. विश्रामचं पान पडद्यावर आलं.

'सेफ्टी व्हॉल्व तपासला. ठीक आहे.' मंगळवारची नोंद, विश्रामच्या नावावर. शेजारी लॉगिनची वेळ, मशीननं स्वतःच लावलेली: दुपारचे सव्वाचार. रिअ‍ॅक्टर फुटला तो मंगळवारीच, सकाळी साडेअकराला. सव्वाचारला विश्राम शवागारात होता.

व्हॉल्व बदला म्हणून तो महिनाभर साहेबांच्या मागे लागला होता. तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"साहेब, मंगळवारी वही तुम्ही नेलेलीत."

"आणि दिलीत तुम्ही." कर्णिकांनी दार लोटून घेतलं. आवाज चढवला नाही. "हे बघा सरोजबाई, बाहेर त्याची बायको बसलीय. तिच्या इथल्या नोकरीचं पत्र माझ्या टेबलावर आहे, आत्ता सही करतो. चौकशी लागली तर ते तसंच पडून राहील. तुमच्या वहीचंही निघेल. विश्राम तर सुटला बिचारा. आता त्याला कसला ठपका नि कसलं काय!"

ते गेल्यावर तिनं लॉगिन काढून टाकलं. सव्वाचारची वेळ त्याबरोबर पुसली गेली. नोंद तेवढी राहिली, विश्रामच्या नावावर. सरोजला स्वतःची किळस आली.

तासाभरानं विश्रामची बायको, हेमा, पत्र घेऊन आत आली. खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

"ताई, खाली सगळे म्हणतात, यांनी व्हॉल्व बघितलाच नव्हता. न बघता ठीक आहे म्हणून लिहिलं. असं करतील का हो हे?"

सरोज पडद्याकडे वळली. तिनं हेमाच्या नावाचं नवं लॉगिन उघडलं आणि कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

"इथे पासवर्ड टाका. तुमच्या मनातला कुठलाही शब्द."

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच सांगा ना एखादा."

सरोज उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "तुमचा तुम्हीच टाका. आणि कुणाला सांगू नका. मला तर मुळीच नको."