प्रश्न विचारल्यावर

प्रश्न विचारून झाला होता आणि सहावीचा वर्ग नव्या बाईंच्या तोंडाकडे बघत होता.

"फरशी पुसली की थोड्या वेळाने वाळते. मग ते पाणी जातं कुठे?"

खरं तर ती अजून पुरती बाई झालेली नव्हती. शिक्षिका होण्यासाठी शिकत होती आणि या शाळेत सरावाचे पाठ घेत होती. शेवटच्या बाकावर तिच्या मार्गदर्शक बाई पेन उघडून बसल्या होत्या.

मागचा पाठ पार फसला होता. वर्ग गप्प करायला तिने टेबलावर डस्टर आपटलं, खडूची पूड स्वतःच्याच नाकात गेली आणि शिंकांवर शिंका आल्या. पोरं जाम खूश. मग घाबरून ती सुसाट सुटली. प्रश्न विचारायचा, उत्तर सांगून टाकायचं, पुढे पळायचं. तास संपल्यावर मार्गदर्शक बाईंनी तिला व्हरांड्यात थांबवलं होतं.

"प्रश्न तुम्ही विचारता, उत्तरही तुम्हीच देता. मग पोरांनी दंगा नाही करायचा तर काय करायचं?"

तिला वर बघवलं नाही.

"विचारलंत की थांबायचं," बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "समोरच्याला शब्द सापडायला वेळ लागतो. तेवढा द्यायचा. दिसतं तेवढं सोपं नाही हं ते. मला जमायला कित्येक वर्षं गेली."

म्हणून आज ती थांबली. चार-पाच हात वर गेले. तिने त्यांतला एकही न निवडता खिडकीजवळच्या मुलीला उठवलं. वर्गात तिला सगळे मुंगी म्हणत. मुंगी उभी राहिली आणि बाकाच्या कडेवर नख घासू लागली.

"बाई, तिला नाही येत. मी सांगू?" शेजारची मुलगी म्हणाली. मुंगीची उत्तरं वर्षभर तीच देत आली होती.

नव्या बाईंनी शेजारणीला नुसता तळहात दाखवला. नजर मुंगीवरच ठेवली.

पंखा फिरत होता. कुणीतरी खाकरलं. एक पेन्सिल घरंगळत खाली पडली. उत्तर तिच्या स्वतःच्या जिभेच्या टोकावर वळवळत होतं. ते तिने गिळलं.

"बाई... ते हवेत जातं," मुंगी म्हणाली. मग थांबली. आणि मग पुढे बोलली. "पण खिडकी बंद असली ना, की नाही जात लवकर. आमच्या घरी फरशी ओलीच राहते."

वर्ग वळून मुंगीकडे बघू लागला. शेजारणीचं तोंड उघडंच राहिलं होतं. आज डस्टर खडूच्या डब्याशेजारी पडून होतं.

संध्याकाळी ती तरंगतच घरी आली.

तिचे बाबा शिंपी होते. दुकानात मशीन चालायचं त्याहून जास्त त्यांचं तोंड चालायचं. कापड घेऊन आलेलं गिऱ्हाईक गप्पांतच अडकून पडायचं. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. आता एखादं अक्षर कसंबसं ओठांवर यायचं आणि पुढचा शब्द अडकायचा.

पण आईने ते सगळं शिकून घेतलं होतं. "चा" म्हटलं की चादर. "खि" म्हटलं की खिडकी. त्यांना जिवाचा आटापिटा करावा लागू नये म्हणून अर्धा शब्द ऐकूनच ती उठायची. घरातल्या सगळ्यांना तीच सवय लागली होती.

लेक चपला काढून आत आली. खुर्चीत बसलेल्या बाबांनी मान वळवली.

"पा..."

"आणते हो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

रोज असंच व्हायचं. ती रोज हात-पाय धुवायला मोरीकडे निघून जायची. आज मात्र आईचं ते "आणते हो" तिच्या कानात निराळंच वाजलं. "मी सांगू?" असं. ती स्टूल ओढून बाबांच्या समोर बसली.

आई पेला घेऊन आली. बाबांनी सवयीने डावा हात पुढे केला.

"आई, थांब जरा."

"अगं, तहान लागलीय त्यांना."

"थांब ना." मग ती बाबांकडे वळून म्हणाली, "सांगा बाबा. मी बसलेय."

बाबांनी पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हात खाली घेतला. ओठ हलू लागले. मानेची शीर ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं. आईने तोंड फिरवलं. वर्गात थांबणं याच्यापुढे काहीच नव्हतं. इथे मागे बसून कुणी गुण देणार नव्हतं, आणि समोर तिचा बाप होता. "पाणी ना?" असं विचारून सगळं संपवून टाकावं, असं तिला दोनदा वाटलं. ती हलली नाही.

"पा... ठ."

"पाठ दुखतेय होय?" आईने पेला टेबलावर ठेवला आणि त्यांच्या पाठीकडे हात नेला. "केव्हापासून दुखतेय?"

बाबांनी मान हलवली. डाव्या हाताने आईचा हात हळूच बाजूला केला. डोळे मुलीवरून काढले नाहीत.

"पाठ... क... कसा... झाला?"

आईचा हात तसाच हवेत राहिला. सरावाचे पाठ सुरू झाल्यापासून, ती घरात शिरली की बाबा रोज हेच विचारत होते, आणि रोज मुकाट्याने पेलाभर पाणी पिऊन टाकत होते.