पहिली हाक

आमच्या कैनाड गावात पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. माणूस असेल तर तो दुसऱ्यांदा हाक मारतोच.

माझी नात प्राजक्ता शाळेच्या मोबाईलवर इंग्रजी गोष्ट वाचते. मग त्यातली एआयवाली बाई तिला नावानं हाक मारून प्रश्न विचारते. पोरगी दुसऱ्या हाकेला बोलायची.

मास्तर माझ्यावरच उखडला. "लाहूकाका, तिचे मार्क जातात! असलं खूळ शिकवू नका."

खूळ? माझ्या बहिणीनं हे खूळ पाळलं असतं तर आज ती जिवंत असती! पण त्यानं पोरीची सवय मोडलीच.

आज भर दुपारी विहिरीतून त्याच बाईचा गोड आवाज आला, "प्राजक्ता?"

मोबाईल बंद होता, माझ्या खिशात. मी तिच्या तोंडावर हात ठेवायच्या आत पोरगी हसून म्हणाली, "येस, मॅडम!"

दुसरी हाक आली नाही.