बोला दादा, अडकलात का कुठे?

गल्लीत कुलूपवाले दोन, एक अलीकडे, एक समोर. त्यातल्या समोरच्याने मोबाईलवर जाहिरात दिली. तिच्यातलं बटण दाबलं की गिऱ्हाइकाचा फोन फुकट लागायचा आणि पैसे कापले जायचे समोरच्याचे.

हे कळलं आणि अलीकडच्या कुलूपवाल्याला बसल्या जागी उद्योग मिळाला. दुपारभर तो बटण दाबत बसे. नंबर कुणाचा ते पलीकडे दिसत नसे.

"बोला दादा, अडकलात का कुठे?" समोरचा आर्जवाने विचारायचा. हा हसू दाबत चार श्वास गप्प राहायचा आणि फोन ठेवायचा.

समोरचं दुकान बुडालं. हाय खाऊन तो माणूसही गेला. जाहिरात मात्र दिसतच राहिली.

"अहो, मेलेल्याला तरी सोडा," डबा ठेवून निघताना बायको म्हणाली.

"फुकटच तर आहे!" म्हणत त्याने बटण दाबलं.

फोन लगेच उचलला गेला. पलीकडे नुसतं खट्ट झालं. तेवढ्यात भिंतीवर टांगलेलं एक नवंकोरं कुलूप किल्लीशिवाय उघडलं.

पुन्हा खट्ट. दुसरं उघडलं. मग तिसरं. मग अख्खी भिंत तडतडायला लागली.

तो दाराकडे धावला, तसं शटर धाडकन खाली आलं. बाहेरून कुलूप लागलं.

"बोला दादा, अडकलात का कुठे?" फोनमधून तोच आर्जवी आवाज आला.

"हो रे बाबा, अडकलोय! उघड!" तो किंचाळला.

पलीकडे कोणीतरी चार श्वास गप्प राहिलं आणि फोन ठेवला.