रीनाचा दगड

“आली पाहा महाराणी! कॅम्पची लाडकी,” इतवारी पुटपुटली; कुडापलीकडून येणाऱ्या रीनाला ऐकू जाईल इतक्याच हळू.

चकमकी थांबून तीन वर्षं झाली, पण शाळेमागचा जवानांचा कॅम्प हलला नव्हता. परमुलखातल्या त्या बंदूकवाल्यांच्या फाटकावर नाव लिहिल्याशिवाय मोहफुलं वेचायलाही जाता येत नसे. इतवारीला ते रोज अडवत. “पती कहाँ है?” ती म्हणे, “मिरची तोडाले गेला.” नवरा नक्षलवाद्यांत गेला असेल, हा त्यांचा संशय; मग तासभर उन्हात उभी. रीनाला मात्र हात हलवून सोडत. विधवा ना ती! वर शिलाई मशीनही दिली.

चकमकी चालू होत्या तेव्हा दोघींचे नवरे, इतवारीचा लालसू आणि रीनाचा पोचू, एकाच दिवशी तेलंगणात मिरची तोडायला निघाले होते. वाटेत जंगलात गोळीबार झाला. कॅम्पात एक प्रेत आलं, ओळखायला दोघींना बोलावणं आलं. इतवारीनं दार लावून घेतलं. “माहा जिता हाय, मी काऊन पाहू?” रीना गेली, अंगठा दिला, प्रेत गावात आणलं. रीतीप्रमाणे मेलेल्याची आठवण म्हणून पोचूच्या नावाचा दगड उभा राहिला.

तेव्हापासून इतवारीचा जीव जळे. मशीनपायी कमी, दगडापायी जास्त. रीनाला रडायला जागा होती. हिला नुसतं वाट पाहायला अंगण.

आज दगडाला तांदूळ वाहायचा दिवस. “चाल बाई,” रीना म्हणाली. “पहिले तांदूळ तू टाक.”

“दरसाल मलेच काऊन? तुहा नवरा, तू टाक ना! तुहं अर्धं राशनबी आणून देते. मले दाखवून राह्यली का, तुह्याजोळ काय काय हाय ते?”

“तसं नाई वं.”

“मंग कसं? उद्या बकऱ्या इकून तेलंगणात जातो मी. गावोगाव हिंडीन, पण लालसूले धरून आणीन. मंग पाहू कोण जळते ते!”

शेजारच्या अंगणात सुपात धान्य पाखडणारी शकुबाई उठून आत गेली.

“नको जाऊ, इतवारी.”

“काऊन? माहा आला तं तुहा मान जाईन?”

“पोचू कुठी हाय, मलेबी नाई मालूम,” रीना म्हणाली.

“येडी झाली का तू? दगड कोनाचा हाय मंग?”

रीना कुडाला धरून उभी राहिली. “अंगठा बायकोचाच पायजे म्हणे. नाई तं बेवारस म्हणून तिकडंच पुरून टाकणार होते. म्या पोचूचं नाव सांगून लालसूले गावात आणलं.”