जेवल्यावर हात लावायचा नाही

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी माझा मुलगा दवाखान्यात दाखल झाला आणि त्याने पाळलेला साप माझ्या गळ्यात पडला. कॉर्न स्नेकचं पिल्लू, बिनविषारी, केशरी, करंगळीएवढं जाड. फ्रीजरमधला इवलासा मेलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवायचा आणि चिमट्याने त्याच्यापुढे धरायचा. मी फोनवर मुलाला म्हटलं, "उंदीर मारण्यात जन्म गेला माझा, आता त्यांना अंघोळ घालतेय!" तो खोकत खोकत हसला.

पहिल्या वेळी सापाने चटकन गिळलं. तान्ह्या बाळाला दूध पाजल्यावर घेतात तसं मी त्याला खांद्यावर घेतलं, तर त्याने सगळं ओकून टाकलं. मी रडतच फोन लावला.

"अगं आई, ढेकर काढायला गेलीस की काय? जेवल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही त्याला."

"आणि घाबरला तर?"

"नाही घाबरत. त्याला एकटंच पडून राहायचं असतं. तू फक्त पेटीतली ऊब बघ."

पुढच्या वेळी त्याने नीट खाल्लं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. मी आतल्या खोलीत जाऊन पेटीचं झाकण काढलं. कुणाला तरी उराशी धरावंसं वाटत होतं. हात आत घातला आणि आठवलं, दोन दिवस झालेले नाहीत. ऊब तेवढी बघितली आणि झाकण लावलं.

माझा मुलगा त्याच दिवशी सकाळी वारला होता.