मुखरूची गाठ

शर्यतीतली लाल बोट वळणावर हवेत उठली, गिरकी घेऊन धाडकन पालथी पडली. काठावरच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. भोंग्यावरचा निवेदक तर पार बेभान झाला. "क्या बात है! टाळ्या, मंडळी, टाळ्या!" त्या येड्याला वाटलं, कसरत आहे.

करिष्माला मात्र कळलं. पालथ्या बोटीखाली माणूस होता. पट्ट्यांनी खुर्चीला आवळलेला, डोकं पाण्यात, पाय वर.

"मोठेबाबा, चाल! चाल नं!"

मुखरूनं इंजिनाचा कान पिळला. बचावाची बोट उसळी मारून निघाली. बोटीत दोघंच. धीवराची ही पोरगी आणि तिच्या बापाचा थोरला भाऊ. मुखरूची सारी हयात याच धरणात जाळी टाकण्यात गेली होती. शर्यतवाल्यांनी दोघांना नारिंगी जाकिटं चढवली होती आणि एक कटर दिला होता. मुठीत मावणारा, आकड्यासारखा वाकलेला. पातं आकड्याच्या आतल्या अंगाला, म्हणजे पट्टा कापला जावा आणि माणसाचं कातडं शाबूत राहावं.

हा दुसरा होता. पहिला सरावात करिष्माच्या हातून निसटून गाळात गेला, तेव्हा शर्यतवाल्यांच्या साहेबांनी भर काठावर तिची सालटी काढली होती. "परदेशातून मागवलेली वस्तू आहे, तुमच्या जाळ्यातला झिंगा नाही! हाही हरवला तर दोघं चुपचाप घरी जायचं." करिष्मा खाली मान घालून उभी राहिली. मुखरूला ते लागलं. आज सकाळी त्यानं कटरच्या मुठीला जाळ्याची दोरी बांधली, दुसरं टोक बोटीच्या कडीत ओवून गाठ मारली आणि पाय लावून ओढून पाहिली.

"भिजली का अजून आवळते हे," तो म्हणाला होता. "आता नेऊन दाखव म्हणा पाण्याले."

करिष्मानं अंगातलं जाकीट काढून भिरकावलं. ते घालून बुडीच मारता येत नाही, हे जाकीट देणाऱ्यांना कोण सांगणार? कटर मुठीत धरला आणि ती पाण्यात शिरली.

आत सगळं गढूळ. पेट्रोलचा वास नाकात. बोटीची कड चाचपत ती खाली गेली आणि एका हातानं तिच्या तोंडावर पंजा मारला. मग त्या हातानं तिची वेणीच धरली. जिता होता! तिनं खांद्यावरचा पट्टा शोधला, आकडा पुढे केला आणि हाताला हिसका बसला. दोरी संपली होती. पट्टा अजून वीतभर दूर.

तिनं ओढलं. पुन्हा ओढलं. वेणी सोडवली आणि वर आली.

"दोरी सोड, मोठेबाबा! पुरत नाई!"

बोट आणखी जवळ घ्यायची सोय नव्हती, इंजिनाच्या पंख्यानं खालच्या माणसाचीच चटणी झाली असती. मुखरू गाठीवर ओणवा झाला. नख तुटलं. त्यानं दात लावले. गाठ भिजली होती आणि त्यानं सकाळी सांगितल्याबरहुकूम वागत होती.

"नाई सुटत वं!"

"मंग काप!"

"कायनं कापू, माह्या डोक्यानं? कापाचं हत्यार तुह्याच हातात हाये!"

करिष्मानं हाताकडे पाहिलं. मग काठाकडे. तिकडे भोंगा बंद पडला होता. पांढऱ्या टोपीतले साहेब दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होते.

तिनं दोरी आकड्यात घातली आणि झटका दिला. नवंकोरं पातं. पहिल्यांदा काही कापलं असेल तर मुखरूची दोरी.

ती परत खाली गेली. या वेळी पंजा बसला नाही, हात नुसते तरंगत होते. खांद्यावरचा पट्टा गेला. दुसऱ्या खांद्यावरचा गेला. कमरेचा पोटात रुतला होता, तिथं आकडा शिरेना. तिनं त्याच्या पोटात बोटं खुपसून जागा केली आणि ओढलं. माणूस मोकळा झाला आणि पोत्यासारखा तिच्या अंगावर आला. त्याला ओढायचं तर दोन्ही हात लागणार होते.

तिनं मूठ उघडली.

मुखरूनं वरून त्याची कॉलर धरली, तिनं खालून रेटा दिला आणि तो बोटीत पडला. हेल्मेट उपटलं. पाठीत बुक्की, दुसरी बुक्की, तिसरीला त्यानं भडभडून पाणी ओकलं. मग असा मोठ्यानं श्वास ओढला की काठावर ऐकू गेला असेल.

"जिता हाये! मोठेबाबा, जिता हाये न!" करिष्मा रडत होती की हसत होती, तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. मुखरूनं उभं राहून आरोळी ठोकली आणि हलत्या बोटीत तोल जाऊन त्या ओकलेल्या पाण्यातच बसला. सारा काठ ओरडू लागला. निवेदकाला पुन्हा कंठ फुटला.

धक्क्यावर स्ट्रेचर आलं. ड्रायव्हरला उचलून नेलं. साहेब धावत आले, बोटीत वाकले, फळीखाली पाहिलं, पाण्यात पाहिलं.

"कटर कुठाय?"

करिष्मानं तोंड उघडलं. मुखरूनं तिला हातानंच थांबवलं. कडीपासून लोंबणारी ओली दोरी त्यानं वर ओढून घेतली आणि तिचं कापलेलं टोक साहेबांच्या हातावर ठेवलं.

"पाहून घ्या साहेब," तो म्हणाला. "गाठ नाई सुटली."