शुद्ध मक्याची पुडी

यंत्राने तिसऱ्यांदा लाल दिवा दाखवला. आकडा बावन्न. दहाच्या वर गेला की मका विषारी समजायचा, आणि या पुडीवर तर सरकारी शिक्का मारून लिहिलं होतं, 'शुद्ध'.

स्योम्बुआने दाराकडे पाहिलं. पलीकडच्या खोलीत अनुदान समितीची तीन माणसं चहात तळलेली गोड मंदाझी बुडवून खात बसली होती. चहा संपला की ती आत येणार. त्यांच्यादेखत सरकारने पाठवलेल्या दोन पुड्या यंत्रात जाणार, एक शुद्ध मक्याची आणि एक बुरशीचं विष चढलेल्या मक्याची. दोन्ही बरोबर ओळखल्या तर संशोधनाचं पुढचं अनुदान. एक जरी चुकली तर मचाकोस शहरातल्या पिठाच्या गिरणीमागल्या या दोन खोल्यांना आजच कुलूप. चार वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. लग्न नाही, नोकरी नाही, आईची बोलणी तेवढी नेमाने खाल्ली होती.

"आणखी एकदा टाकते," ती म्हणाली.

"टाक ना! चौथ्यांदा टाकलं की मका लाजून शुद्ध होईल." न्झिओका, तिचा भागीदार, शर्टाच्या बाहीने कपाळ पुसत होता. "यंत्र बिघडलंय, बाई. ऐन वेळेला हटून बसलंय. अगदी तुझ्यावर गेलंय."

तिने भिंग पुसलं. यंत्राच्या आतला दिवा बदलला. मग आईने गावाहून पाठवलेला मका मूठभर दळला आणि टाकला. आकडा चार, दिवा हिरवा. पुन्हा सरकारी पुडी टाकली. पुन्हा बावन्न.

"बघ, यंत्र ठीक आहे," ती म्हणाली. "आपल्या मक्याला बरोबर हिरवं दाखवतंय."

"तुझ्या आईच्या मक्यावर शिक्का आहे का? नाही ना? मग त्याची साक्ष कोण धरणार? ही पुडी राष्ट्रीय प्रयोगशाळेची आहे. तिथे डॉक्टर लोक बसतात, तुझ्यामाझ्यासारखे गिरणीच्या मागे नाही बसत. फिरव तो स्क्रू आणि मोकळी हो."

यंत्राच्या पाठीला शून्य ठरवायचा स्क्रू होता. मोजमापाच्या धंद्यातली माणसं आपलं यंत्र सरकारी नमुन्याशी जुळवून घेतात. तेच शिकवलेलं असतं आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. नमुनाच खोटा निघाला तर काय करायचं, हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

तरी तिचा हात धजेना. ती नऊ वर्षांची असताना मामाच्या घरची दोन मुलं असाच मका खाऊन गेली होती. आधी डोळे पिवळे झाले, मग पोट फुगलं, आठवड्यात खेळ खलास. हे यंत्र तिने त्यांच्यासाठीच बनवायला घेतलं होतं. आणि आज त्याचं ऐकायचं की शिक्क्याचं, हे तिला ठरवता येत नव्हतं. रडू येत होतं, तेही धड येत नव्हतं.

पलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

"स्योम्बुआ!" न्झिओकाचा आवाज फाटला. "तुझ्या पाया पडतो. मला दोन लेकरं आहेत गं."

तिने स्क्रूड्रायव्हर उचलला. एक वेढा. दीड वेढा. आकडा बावन्नचा तीस झाला, तिसाचा बारा, बाराचा सहा. दिवा हिरवा. विषारी पुडी टाकून पाहिली, तर ती इतकी जहाल होती की अजूनही लालच. दोन्ही निकाल हवे तसे. तिला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. कुणाचा तरी गळा आवळून आल्यासारखं वाटत होतं.

समिती आत आली. प्रमुख डॉ. बाराझा, राष्ट्रीय प्रयोगशाळेतलाच थुलथुलीत पोटाचा दिलखुलास माणूस, यंत्राशी वाकून उभा राहिला. विषारी पुडीला लाल दिवा. शुद्ध पुडीला हिरवा. "शाब्बास गं पोरी!" म्हणत त्याने टाळी वाजवली, जागच्या जागी अनुदानाच्या कागदावर सही ठोकली आणि खिशातून फोन काढला.

"हॅलो, वाफुला? हां, हिरवा आला, हिरवा! गोदामाचं फाटक उघड आणि ट्रक सोड."

"कसले ट्रक, डॉक्टर?" स्योम्बुआने विचारलं.

"अगं, शाळांच्या जेवणाचा मका. ही पुडी त्याच ढिगातली आहे. आता घरचं म्हणून सांगतो, आमच्या प्रयोगशाळेचं यंत्र तीन महिने बंद पडलंय. चाचणीला एक शुद्ध पुडी तर द्यायलाच हवी! मका चांगला दिसला, मारला शिक्का. पण मनात धाकधूक होती बघ. म्हटलं, आधी हिच्या यंत्राला विचारू, मगच पोरांच्या ताटात वाढू."

न्झिओकाने मागून तिचं मनगट पकडलं. घट्ट, नखं रुतेपर्यंत. सहीची शाई अजून ओली होती. फोनमधून फाटकाची साखळी सुटल्याचा आवाज ऐकू येत होता.

तिने मनगट हिसडलं आणि डॉक्टरांच्या हातून फोन ओढून घेतला.

"फाटक लावा!" ती ओरडली. "मका विषारी आहे. यंत्राने मला चार वेळा सांगितलं होतं, मीच त्याला खोटं बोलायला लावलं."